तीन दिवसांचे मालक

डिसेंबर लागला की जमैकात रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे आणि अंगणाच्या कडेला मांडलेले दगड चुन्याने पांढरेशुभ्र होतात, खिडक्यांना नवे पडदे लागतात. दुपारी पारा तिशीला टेकलेला असतोच, पण ईशान्येचे वारे सुरू झाल्यामुळे सकाळ-संध्याकाळ सुखाची होते. त्या वाऱ्याला लोक नाताळचा वारा म्हणतात. चोवीस तारखेच्या रात्री किंग्स्टनच्या जुन्या पेठेत आणि गावोगावच्या चौकांत ‘ग्रँड मार्केट’ भरते. नवे कपडे घातलेली पोरे पिपाण्या वाजवत, फुलबाज्या उडवत पहाटेपर्यंत हुंदडतात, आणि उजाडायच्या आतच चर्चमध्ये उपासना सुरू होते. दुपारच्या जेवणाला खारवून भाजलेले हॅम, नारळाच्या दुधात ‘गुंगो’ घालून शिजवलेला भात, बोकडाची करी आणि रममध्ये आठवडेच्या आठवडे, काही घरांत वर्षभर, मुरवलेल्या मनुका-बेदाण्यांचा काळा केक. प्यायला सॉरेल: लालभडक, आल्याचा ठसका असलेले, वरून रमची धार सोडलेले. यातला गुंगो म्हणजे आपली तूर, आणि सॉरेल होते ते लाल अंबाडीच्या बोंडांचे. मराठी वाचकाला हे ताट अगदीच परके वाटू नये.

या उत्सवावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात आणि गंमत म्हणजे दोन्ही आक्षेप घेणाऱ्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. एकाचे म्हणणे असे की, बर्फ नाही, सूचिपर्णी झाडांची राने नाहीत, शेकोटीची गरज नाही, तेव्हा हा नाताळ म्हणजे उत्तरेकडून आणलेली नक्कल. काचेवर कापसाचा बर्फ चिकटवून आणि घामाघूम सांताक्लॉजला लोकरी कोट चढवून केलेले सोंग. दुसरा म्हणतो, हा मुळात मालकांचा सण. ज्यांनी माणसे साखळदंडांत बांधून आणली त्यांचाच देव, त्यांचेच पंचांग. गुलामांच्या वंशजांनी तो साजरा करावा यासारखी लाचारी नाही. पहिला आक्षेप वरवरचा आहे, दुसरा जिव्हारी लागणारा. पण दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालले आहेत: सण जिथून आला तिथल्या लोकांचा तो कायमचा, आणि मागाहून येणारे सगळे त्याचे भाडेकरू. हे गृहीतच मला मान्य नाही. सणावरचा हक्क त्याच्या उगमाने ठरत नाही. तो दिवस कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या दिवशी माणूस कोणाला आपला धनी मानतो, यावर तो ठरतो. हे तपासायला जमैकाइतके कठोर उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण तिथे नाताळ अशा लोकांना मिळाला ज्यांच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते.

आधी उगमाचाच निकाल लावू. चार शुभवर्तमानांपैकी एकातही येशूच्या जन्माची तारीख नाही. मार्क आणि योहान तर जन्मकथा सांगतच नाहीत. पंचवीस डिसेंबर हा जन्मदिवस म्हणून नोंदलेला आढळतो तो रोममध्ये, चौथ्या शतकात. लूकच्या कथेत मेंढपाळ रात्री उघड्या रानात कळप राखत बसले आहेत. बर्फाचा तिथे उल्लेखही नाही. बर्फ, शेकोटी, भाजलेला पक्षी आणि सजवलेले झाड असे जे चित्र आज ‘खरा नाताळ’ म्हणून जगभर विकले जाते, ते बव्हंशी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने घडवले. डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथा १८४३ची. राणी व्हिक्टोरियाच्या घरातल्या झाडाचे चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि घरोघरी झाडाची टूम निघाली, ते १८४८ साल. जमैकातल्या नाताळच्या सोंगांचे वर्णन एडवर्ड लाँगने आपल्या जमैकाच्या इतिहासात केले ते मात्र १७७४ साली. म्हणजे ज्याला नक्कल म्हणून हिणवायचे त्याची नोंद अस्सल म्हणवणाऱ्या चित्राहून सत्तर वर्षे जुनी. आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ रद्दच करून टाकला होता. तो पोपशाहीचा आणि अधार्मिक धांगडधिंग्याचा अवशेष आहे असे प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती गटाचे मत. त्यांचा पुढारी क्रॉमवेल याच्या आरमाराने जमैका बेट स्पेनकडून घेतले ते १६५५ साली, म्हणजे मायदेशी नाताळ पाळणे बेकायदा असताना. पुढे बेटावरच्या उसाच्या मळ्यांवर मुकादम आणि कारकून म्हणून ढिगाने आले ते स्कॉटलंडचे लोक, आणि स्कॉटलंडमध्ये नाताळला सार्वजनिक सुटी मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘ज्यांचा सण त्यांच्याकडून उसना’ असे म्हणणाऱ्याने ते कोण हे एकदा नक्की करावे.

गुलामांपर्यंत नाताळ पोचला तो धर्म म्हणून नाही, सुटी म्हणून. अठराव्या शतकातल्या बहुतेक मळेवाल्यांना गुलामांच्या बाप्तिस्म्यात काडीचाही रस नव्हता. मोरेव्हियन मिशनरी १७५४ साली आले तेही इंग्लंडात राहणाऱ्या मोजक्या जमीनदारांनी बोलावले म्हणून. पण वर्षाच्या शेवटी सुटी देण्याचा रिवाज पडून गेला होता, साधारण तीन दिवसांची. त्यामागे हिशेब होता. ऊसतोडणी आणि गाळप नववर्षानंतर सुरू होई आणि पुढे कित्येक महिने रात्रंदिवस चाले. त्याच्या तोंडावर माणसे जरा ताजीतवानी होणे मळ्याच्या फायद्याचे. त्या दिवसांत मालकाकडून खारवलेला मासा किंवा मांस, थोडी रम आणि थोडी साखर वाटली जाई. वर्षभर ज्यांच्या हातून साखर निघाली त्यांना साखरेची भेट! पोळ्याला शेतकरी बैलाला न्हाऊमाखू घालतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी चारतो आणि दुसऱ्या दिवशी जू पुन्हा मानेवर येते. मळेवाल्याच्या मनातला नाताळ नेमका या जातीचा होता. फरक एवढाच की, या बैलांना बोलता येत होते, मोजता येत होते, आणि संख्येने ते मालकांच्या दसपटीहून अधिक होते. म्हणूनच नाताळ जवळ आला की गोऱ्यांचा जीव टांगणीला लागे आणि मिलिशिया सज्ज ठेवली जाई. सुटी देणाऱ्यालाच तिची भीती वाटत होती, यात बरेच काही आले.

या तीन दिवसांत गुलामांनी काय केले? त्यांनी जोंकनू नावाची मुखवट्यांची सोंगे काढली. लाँगच्या वर्णनातला जोंकनू डोक्याला बैलाची शिंगे आणि तोंडाला डुकराचे सुळे लावलेला भयंकर मुखवटा घालून दारोदार नाचत जातो, मागे बायकांचा घोळका. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या नावावरून हे सोंग आले असा लाँगचा तर्क होता. खरे मूळ काही असो, मुखवट्यांची रीत आफ्रिकेतली हे उघड आहे. १८१६च्या नववर्षदिनी इंग्रज लेखक मॅथ्यू लुईस आपले मळे पाहायला ब्लॅक रिव्हर बंदरात उतरला, तेव्हा त्याला निळ्या आणि तांबड्या पोशाखांतल्या बायकांच्या चढाओढीच्या मिरवणुका दिसल्या. सर्वांत बारकाईने पाहिले ते आयझॅक मेंडेस बेलिसारियोने. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या या ज्यू चित्रकाराने १८३७-३८मध्ये छापलेल्या चित्रांत प्रत्येक सोंग स्वतंत्र रेखाटले आहे. त्यातला ‘अ‍ॅक्टर बॉय’ गोरा मुखवटा, कुरळ्या केसांचा टोप, पिसांचा भला थोरला तुरा आणि झालरींवर झालरी असलेला पोशाख करून उभा आहे. ही मंडळी शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’मधले तुकडे म्हणून दाखवीत आणि सोबत द्वंद्वयुद्धही करीत. दुसरे सोंग त्याहून विलक्षण आहे. अंगात लष्करी थाटाचा कोट, आणि डोक्यावर पुठ्ठ्याचा आख्खा बंगला: मजले, खिडक्या, आरसे, मणी, सगळे. चित्र छापले गेले तेव्हा गुलामी कागदोपत्री संपून तीन-चार वर्षे झाली होती, पण सोंग जुनेच. ज्या घराच्या पायरीवरून आत जायची सोय नव्हती ते घर डोक्यावर घेऊन त्याच घराच्या अंगणात नाचायचे आणि मालकाकडूनच बक्षिसी उकळायची, ही करामत नक्कल या सदरात बसत नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो घेणारा माणूस स्वतः गुलामीतून निसटलेला आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५च्या आत्मचरित्रात नाताळच्या सुट्यांविषयी लिहिताना म्हटले आहे की, गुलामांच्या मनातली बंडाची वाफ बाहेर काढण्याची ती मालकांची युक्ती होती. माणसाला चार दिवस मुद्दाम दारूत बुडवायचे, म्हणजे स्वातंत्र्य म्हणजे हेच असेल तर गुलामी काय वाईट, असे त्यालाच वाटू लागते. डग्लसने पाहिले ते जमैकात नव्हते, पण युक्तिवाद तिथेही लागू होतो. बहुतेक वर्षी, बहुतेक मळ्यांवर नाताळ झाला, ढोल वाजले, रम संपली आणि चौथ्या दिवशी शंख फुंकला की माणसे मुकाट उसात उतरली. हे नाकारून चालणार नाही, आणि सणांच्या गौरवगाथा लिहिणारे हे सोयीस्कर विसरतात याचा मला रागही येतो. तरीही डग्लसचे म्हणणे पूर्ण पटत नाही. वाफ सोडायची युक्ती एवढीच जर या दिवसांची किंमत असती तर गुलामीबरोबर जोंकनूही संपायला हवा होता. झाले उलटे. १८३८मध्ये पूर्ण मुक्ती मिळाली, आणि १८४१ साली किंग्स्टनच्या नगरप्रमुखाने मिरवणुकांवर बंदी घातली तेव्हा शहरात दंगल उसळली. मोकळी माणसे त्या दिवसासाठी रस्त्यावर उतरली. मालकाने दिलेली खेळणी परत घेतली म्हणून स्वतंत्र माणूस जीव धोक्यात घालत नाही.

पण खरा पुरावा त्याच्या दहा वर्षे आधीचा आहे. १८३१ साली पंचवीस डिसेंबर रविवारी आला. मॉन्टेगो बे गावात सॅम शार्प नावाचा गुलाम होता: लिहिता-वाचता येणारा, बॅप्टिस्ट मंडळीचा डीकन, वर्तमानपत्रांतून इंग्लंडमधली गुलामीविरोधी चळवळ ध्यानात ठेवणारा. उपासनेनंतरच्या छोट्या प्रार्थनासभांत त्याने एक बेत फिरवला आणि बायबलावर हात ठेवून शपथा घेतल्या गेल्या. बेत साधा होता: नाताळची सुटी संपली की कामावर जायचे नाही, मजुरी ठरल्याशिवाय ऊस तोडायचा नाही. ऊस उभा होता, गाळप तोंडावर होते, म्हणजे मालकाने ज्या हिशेबाने सुटी दिली नेमका तोच हिशेब त्याच्यावर उलटवला जाणार होता. मंगळवारी, सत्तावीस तारखेला, सॉल्टर्स हिल इथे नव्या प्रार्थनामंदिराचे उद्घाटन होते. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम निब तिथे जमलेल्या गुलामांना कळवळून सांगत होता की, राजाने तुम्हाला मुक्त केल्याची बातमी खोटी आहे, कामावर परत जा. लोकांनी ऐकून घेतले. त्याच रात्री सेंट जेम्स परगण्यातल्या टेकडीवरचा केन्सिंग्टन मळा पेटला आणि त्या उजेडात पश्चिम जमैका उठले. सुमारे साठ हजार गुलाम सामील झाले. गोरे मेले ते चौदाच्या आसपास. बंड मोडताना गुलाम मेले ते दोनशेच्या घरात, आणि नंतर तीनशेहून अधिकांना सुळावर चढवले. प्रार्थनामंदिरे गोऱ्यांच्या टोळ्यांनी जाळली. शार्पला २३ मे १८३२ रोजी मॉन्टेगो बेच्या बाजारचौकात फाशी दिले. तुरुंगात त्याला भेटलेल्या हेन्री ब्लेबी या मेथडिस्ट मिशनऱ्याने लिहून ठेवले आहे की, गोऱ्याने काळ्याला गुलाम करण्याचा हक्क नाही हे आपण बायबलमध्ये शिकलो असे शार्प शांतपणे सांगत असे.

यावर एक चोखंदळ वाचक मला लगेच अडवील. तो म्हणेल, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करता आहात. ढोल-मुखवट्यांचा जोंकनू एक, आणि बॅप्टिस्ट मंडळी दुसरी. मिशनऱ्यांना जोंकनू सैतानी वाटत होता. शार्पची माणसे नाचणारी नव्हती, प्रार्थना करणारी होती. जोंकनूचा ख्रिस्तजन्माशी संबंध फक्त तारखेपुरता, कारण दुसरी सुटीच नव्हती. आणि बंडाचा नाताळशी संबंध फक्त ऊसतोडणीपुरता. मग यात धर्म कुठे आहे? आक्षेप बिनतोड वाटतो, आणि अर्धा बरोबरही आहे. ढोल आणि चर्च यांचे भांडण खरे होते, आजही जमैकातल्या काही मंडळ्यांत ते मिटलेले नाही. पण दोघांनी एकाच गोष्टीवर हात ठेवला होता: त्या तीन दिवसांवर. आणि ते तीन दिवस साधी सुटी नव्हते, यातच माझ्या मते सगळा मुद्दा आहे. मळेवाला गुलामाला वर्षातला कोणताही दिवस देऊ शकला असता. त्याने आपल्या वाढदिवसाची सुटी दिली असती तर कोण त्याला अडवणार होते? पण ही सुटी देताना त्याला आपल्याहून वरच्या धन्याचे नाव घ्यावे लागले. आज काम नाही, कारण आज प्रभूचा जन्म झाला. हे म्हणताच त्याने नकळत कबूल केले की या मळ्यावर शेवटचा शब्द त्याचा नाही. त्या कबुलीला मोठी फट होती. जोंकनूवाल्यांनी तिच्यातून आपले पूर्वज आत आणले, शार्पने मोशेला आणले.

मालकांनाही ही फट दिसत होती. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. त्यातून इस्राएल लोकांची मिसरातून सुटका सांगणारे निर्गमाचे अध्याय गाळलेले आहेत. शास्त्राला घाबरूनच शास्त्राला कात्री लावली जाते. विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्हीकडे तिचे कारण वेगळे आहे. निर्गमाच्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून माणसानेही घ्यावा. अनुवादाच्या पुस्तकात मात्र कारण दिले आहे ते असे की, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. म्हणजे ज्या परंपरेतून नाताळ आला त्या परंपरेत पवित्र वेळेची व्याख्याच गुलामीच्या आठवणीशी बांधलेली आहे. वेळ स्वतःच्या ताब्यात येणे ही समाजशास्त्रातली बाब मी धर्मात घुसडतो आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी ही दोन पाने शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. याच न्यायाने, केवळ मोकळा वेळ म्हणजे सण नाही हेही मान्य करायला हवे. नाही तर प्रत्येक आळसावलेली दुपार नाताळ ठरेल. वेळ आपला हवा, आणि आपल्यावरचा कोणताही माणूस शेवटचा धनी नाही हे त्या वेळेने सांगायला हवे. दोन्ही जुळले तरच मी त्याला सण म्हणेन.

स्थानिक रूपाने धर्म बाटतो का, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माच्या आतूनच उत्तर आहे. देव सर्वसाधारण माणूस झाला असे नाताळ सांगत नाही. तो एका गावी, एका जातकुळीत, एका राजाच्या खानेसुमारीच्या काळात जन्मला असे सांगतो. जो देव एका देहात आणि एका भाषेत उतरायला कमीपणा मानत नाही, त्याच्या सणाला दुसऱ्या देहात उतरायला मज्जाव कशाच्या आधारावर करायचा? ही गोष्ट मराठीत नवी नाही. इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत, आणि ना. वा. टिळकांना ख्रिस्त सांगायला अभंगच जवळचा वाटला. त्यात कोणी नक्कल पाहत नाही. मात्र एक फरक विसरू नये: स्टीफन्सला आणि टिळकांना आपली भाषा आणि छंद निवडण्याची मोकळीक होती, जमैकातल्या माणसाला मोडकेतोडके जे हाती लागले त्यातून उभे करावे लागले.

अन्नाविषयीही थोडे बोलायला हवे, कारण तिथे एक वेगळ्या जातीचा आक्षेप लपला आहे. रॉबर्ट डर्क्स या मानववंशशास्त्रज्ञाने १९८७ सालच्या ग्रंथात दाखवले की, ब्रिटिश कॅरिबियनमधले गुलामांचे कट आणि उठाव डिसेंबरात फार मोठ्या प्रमाणात झाले, आणि त्याचे कारण त्याने पोटात शोधले: उन्हाळ्याअखेरची उपासमार संपून गुलामांच्या स्वतःच्या तुकड्यांतले पीक हाती येई, अंगात ताकद येई, आणि ती नाचात किंवा बंडात बाहेर पडे. मला हा युक्तिवाद आवडतो, कारण उपाशी माणसाला अध्यात्म शिकवू नये हे त्याला कळते. पण पोटभर जेवलेल्या माणसाच्या अंगात जोर कुठून आला एवढेच त्यातून कळते. तो जोर मजुरीच्या मागणीकडे का वळला हे कळत नाही. त्यासाठी शपथ, पुस्तक आणि सभा लागल्या. उरले ते ताट. तूर मूळची भारतातली. ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापारातून जमैकात पोचली. डिसेंबरात तिच्या हिरव्या शेंगा भरतात, म्हणून एरवी राजम्याचा होणारा भात नाताळात तुरीचा होतो. अंबाडी १७०७पर्यंत बेटावर पोचल्याची नोंद आहे, तीही आफ्रिकेच्या वाटेने. बोकडाची करी १८४५पासून कलकत्त्याहून नेलेल्या करारबद्ध मजुरांची देणगी. आणि काळा केक म्हणजे इंग्रजांचे पुडिंग, जमैकाच्या रममध्ये बुडवून जळक्या साखरेने काळे केलेले. या ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ कोणाच्या तरी सक्तीच्या प्रवासाचा पुरावा आहे, आणि जेवणाऱ्याने तो आपल्या चवीचा करून घेतला आहे.

रास्ताफारी पंथाचा आक्षेप मी शेवटी ठेवला तो तो कमकुवत आहे म्हणून नाही. १९३०च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत उभा राहिलेला हा पंथ म्हणतो, तारीख रोमची, चित्रातला गोरा ख्रिस्त युरोपचा, तेव्हा हा बाबिलोनचा, म्हणजे जुलमी सत्तेचा, सण आम्हाला नको. अनेक रास्ता इथिओपियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला ख्रिस्तजन्म पाळतात. तारखेविषयी ते बरोबरच आहेत. तारीख खरोखरच रोमची आहे. पण त्यांनी केले काय? ख्रिस्तजन्म सोडला नाही, त्यावरचा दुसऱ्याचा ताबा सोडला. शार्पने केले त्याचीच ही पुढची पायरी. १९७८ साली जेकब मिलर या रास्ता गायकाने नाताळच्या प्रचलित गाण्यांचे शब्द बदलून आख्खी रेगे तबकडीच काढली, आणि ती जमैकात दर डिसेंबरला वाजते. नकार देणारे आणि स्वीकारणारे इथे एकाच फटीतून आत शिरले आहेत. रंगभूमीवरही हेच घडलेले दिसते. लिटल थिएटर मूव्हमेंटने १९४१ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी इंग्रजी पद्धतीचा पँटोमाइम सुरू केला, जॅक आणि त्याच्या घेवड्याच्या वेलाची परदेशी गोष्ट घेऊन. १९४९पर्यंत लुईस बेनेट आणि नोएल व्हाझ यांनी त्यात आफ्रिकेतून आलेला अनान्सी हा खट्याळ कोळी आणला आणि जमैकी बोली रंगमंचावर बसवली. त्यानंतर ती नाटके विलायती उरली नाहीत.

आता कापसाच्या बर्फाकडे वळू. परदेशी राहणाऱ्या नातलगांनी भेटवस्तू भरून धाडलेली पिंपे, दुकानांतली प्लास्टिकची झाडे, लोकरी टोप्या, हे सगळे हास्यास्पद आहे हे मी मान्य करतो. पण त्यावर फार शाई सांडू नये. वर्षभर न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये कोणाची तरी शुश्रूषा करून आईने पाठवलेल्या पिंपातली बर्फाची नळकांडी मुलाने खिडकीवर फवारली, तर त्या बर्फात नक्कल कमी आणि आई जास्त असते. मला काळजी वाटते ती अस्सल दिसणाऱ्या गोष्टीची. १९५१ साली ‘ग्लीनर’ वर्तमानपत्राने स्पर्धा भरवून मरगळलेल्या जोंकनूला जागे केले, पुढे सरकारी सांस्कृतिक महोत्सवांनी त्याला हात दिला, आणि ते चांगलेच झाले. चिंध्यांचा झगा घातलेला पिची-पॅची, घोड्याचे डोके, गायीचे डोके, गरोदर बाईचे सोंग ही मंडळी त्यामुळेच अजून ओळखीची आहेत. पण रस्त्यावरून ती कमी होत गेली आणि उत्तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांत पाहुण्यांपुढे दिसू लागली. तिथे पोशाख बेलिसारियोच्या चित्राबरहुकूम असतो, ढोल-बासरी बिनचूक असते. फक्त नाचणारा माणूस पंचवीस डिसेंबरला हजेरीपटावर सही करून पाळीवर आलेला असतो आणि कार्यक्रम केव्हा संपवायचा ते व्यवस्थापक ठरवतो. त्याने पोटासाठी नाचावे, त्याला माझी हरकत नाही, पैसे तर त्याने चोख वाजवून घ्यावेत. पण तेवढा वेळ तिथे जोंकनू असतो, सण नसतो.